यातला पिकलेला कुठला?

मला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं ते टोमॅटोमुळं.

आमचं घर गुंद गावाच्या थोडं पुढं, रानाला लागून आहे. समोर भातशेती, मागं परडं. पाऊस ओसरला की आई परड्यात टोमॅटोची रोपं लावायची आणि थंडीत फळं धरायची. मी लहान असताना ती माझ्या हातात बुट्टी द्यायची आणि म्हणायची, "पिकलेले तेवढे काढून आण." मी आणलेली बुट्टी ती ओसरीवर ओतायची. त्यात अर्धे कच्चे निघायचे. मग पाठीत एक धपाटा बसायचा. "डोळं फुटल्यात व्हय रं तुझं?" मला वाटायचं, काही पोरांना पाढे येत नाहीत तसं आपल्याला टोमॅटो येत नाहीत. यापलीकडं मी विचार केला नाही.

विसाव्या वर्षी रेल्वेच्या भरतीला हुबळीला गेलो. लेखी परीक्षा पास झालो होतो, राहिली होती ती शरीराची तपासणी. उंची झाली, वजन झालं, भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पान भरून गोल गोल ठिपके होते. पहिल्या पानावरचा बारा मला दिसला. पुढच्या पानावर नुसते ठिपके. त्याच्या पुढंही ठिपके. माझ्या आधीच्या पोरानं याच पानांवर धडाधड आकडे सांगितलेले मी ऐकले होते, म्हणून मी एक आकडा ठोकून दिला. डॉक्टरांनी आणखी दोन पानं उलटली, कन्नडमध्ये शेजारच्याला म्हणाले, याला रंग दिसत नाहीत, आणि कागदावर खूण केली. आवाजात राग नव्हता, कीवही नव्हती. मागचा पोरगा पुढं सरकला.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "उंची कमी पडली."

मी वडलांपेक्षा वीतभर उंच होतो. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "हात-पाय धू. जेव."

त्यानंतर मी शेतीच केली. रंग न दिसल्यानं माणसाचं फार काही अडत नाही. आमच्या भागात सिग्नलचे दिवे नाहीत. बेळगावला गेलो तर पुढची गाडी हलली की आपण हलायचं. कपडे घेताना बायकोला म्हणायचं, तू बघ, मला त्यातलं कळत नाही. हे खोटं नव्हतं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिला संशय आला नाही, किंवा आला असला तरी ती बोलली नाही, असं मी धरून चाललो होतो.

टोमॅटो आम्ही कच्चेच काढायला लागलो ते माकडांमुळं. आधी ती वर्षातून एकदा-दोनदा यायची, आता हिवाळाभर असतात. कच्च्या फळाला ती हात लावत नाहीत. फळाच्या बुडाला जरा रंग आला की त्याच दिवशी तोडतात, एक चावा घेतात आणि टाकतात. मला जे कधी जमलं नाही ते त्यांना झाडाच्या शेंड्यावरनं जमतं. दोन वर्षं नुकसान सोसल्यावर आईनं ठरवलं की रंग यायच्या आत सगळा माल घरात आणायचा आणि घरातच पिकवायचा.

तिची एक पद्धत होती. प्रत्येक झाडाचं एक फळ ती आडवं कापायची. बिया भोवतीच्या बुळबुळीत गिरासकट सुरीवरनं निसटल्या तर त्या झाडाची फळं घरात पिकणार. सुरीनं बिया चिरल्या गेल्या तर ती फळं अजून कोवळी. ती काढली तर कितीही दिवस ठेवा, भाजीच्याच कामाची. चुलीच्या भिंतीमागं आमची मधली खोली आहे. तिथं ती भाताचं पिंजर, वाळलेला पेंढा, पसरायची, त्यावर टोमॅटो एकेरी मांडायची, देठाची बाजू खाली, एकाला दुसरा लागू न देता. वरनं पुन्हा पिंजराचा पातळ थर आणि मध्ये कुठंतरी पिकायला आलेली दोन केळी. "उजेड नको त्यास्नी, ऊब पायजे," ती सांगायची. जानेवारीत आमच्याकडं थंडी चांगली असते. चुलीची भिंत दिवसभर कोमट राहते, तेवढी ऊब पुरे व्हायची.

रोज सकाळी ती गुडघे टेकून थर उलगडायची, पिकलेले काढायची, नासलेले फेकायची. गणेशगुडीजवळच्या एका लॉजला आम्ही टोमॅटो द्यायचो. नदीवर बोटी खेळायला येणारे पाहुणे तिथं उतरतात. आई निवडायची, मी मोटरसायकलवरनं पोचवायचो. गेल्या जानेवारीपर्यंत हे असं बिनबोभाट चाललं.

त्या वर्षी माल जास्त होता. खोलीभर पिंजर पसरलं होतं. काढणी संपल्याच्या चौथ्या दिवशी आई न्हाणीत घसरून पडली. कमरेचं हाड मोडलं. मी आणि बायको तिला गाडीनं बेळगावला घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात बाई माणूसच पाहिजे म्हणून बायको तिथं राहिली आणि मी गुरांसाठी परत आलो. मुलगी शिकायला धारवाडला असते. घरात मी, दोन म्हशी, एक मांजर आणि पिंजराखालचे टोमॅटो.

लॉजवर द्यायचा दिवस आला. मी खोलीतला दिवा लावला, खिडकी उघडली, थर उलगडला. कच्चा टोमॅटो मला मातकट दिसतो आणि पिकलेला जरा गडद मातकट. दोन शेजारी धरले तर कधी फरक वाटतो, कधी नाही. मी अंदाजानं दोन बुट्ट्या भरल्या.

लॉजचा आचारी कारवारकडचा, मधूनच कोकणी बोलणारा साठीचा माणूस. त्यानं बुट्टी टेबलावर ओतली आणि कमरेवर हात ठेवले.

"किते रे हें? अर्धे कच्चे हाडलेस."

"आई पडली. दवाखान्यात हाय. निवडायची तीच."

"बरी आहे ना ती आता?"

"ऑपरेशन झालं. बरी हाय."

त्यानं मान हलवली. मग एकेक टोमॅटो उचलून दोन ढीग केले. ते त्यानं बोलत बोलत, हाताकडं न बघता केल्यासारखं केलं. दोनशेच्या वर फळं असतील, पाच मिनिटंही लागली नसतील. एक ढीग त्यानं माझ्या बुट्टीत परत भरला.

"शनिवारी सगळ्या खोल्या भरल्यात. लाल पाहिजेत आणि घट्ट पाहिजेत. तुला जमत नसेल तर आत्ताच सांग, मी रामनगरहून मागवतो."

"जमतंय," मी म्हणालो.

घरी आल्यावर मी बराच वेळ त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. शेजाऱ्यांना बोलावता आलं असतं. पण मग त्यांना कारण सांगावं लागलं असतं. शेवटी मी चटई टाकली, तिच्यावर दहा-दहाच्या ओळी लावून टोमॅटो मांडले आणि मोबाइलवर फोटो काढला. आमच्या घरात रेंज नाही. देवळामागच्या टेकाडावर चढलं की दोन काड्या येतात. तिथं जाऊन मी फोटो बायकोला पाठवला आणि खाली लिहिलं, "यातला पिकलेला कुठला? आईला विचार."

पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"अवो, हे काय? समोर ठेवल्यात न्हवं तुमच्या? लाल दिसत्यात ते पिकलेले. त्यात आत्तीस्नी काय विचारायचं?" माझ्या आईला ती आत्ती म्हणते.

"तू फोटोत बघून सांग की."

"घरात उजेड न्हाई व्हय?"

"उजेड हाय."

"मग?"

मी काहीतरी जुळवायला लागलो होतो. चष्मा, थंडी, घाई, काहीही चाललं असतं. पण दोन दिवस घरात एकट्यानं काढले होते, आणि आई तिकडं पडलेली. जुळवायचा कंटाळा आला.

"मला दिसत न्हाई," मी म्हणालो.

"काय दिसत न्हाई?"

"लाल. लाल आणि हिरवा मला एकच दिसतोय. जल्मापास्नं."

फोनमध्ये वॉर्डातले आवाज येत राहिले. भांड्यांची गाडी गेली, कुणीतरी नर्सला हाक मारली. मग ती म्हणाली, "लग्नातला माझा शालू?"

"आठवतोय. रंग न्हाई आठवत."

"कुंकू?"

"कपाळावर गडद टिकली दिसती. तेवढं दिसतंय."

"मी एकदा हिरवा दोरा आणाय सांगितल्याला, खणाला लावाय. तुम्ही तांबडा आणला. दुसऱ्यांदा पाठवलं तर पुन्हा तांबडाच आणला."

"व्हय."

"मी चार दिवस बोलले न्हवते तुमच्यासंगट."

"आठवतंय मला."

"वीस वर्सं," ती म्हणाली, "मला वाटायचं, ह्या माणसाचं माझ्याकडं ध्यानच न्हाई."

तिनं फोन ठेवला. मी टेकाडावर उभा राहिलो. खाली परड्यात माकडं रिकाम्या झाडांवरनं फिरत होती. अर्ध्या तासानं मेसेज आला. त्यात फक्त आकडे होते: पहिली ओळ तीन, सात, आठ, दुसरी ओळ एक, चार, असं शेवटच्या ओळीपर्यंत. दुसरा एक शब्द नव्हता.

आकडे कागदावर उतरवून घरी आलो तर मांजर चटईवर झोपलेलं, आणि तीन ओळींतले टोमॅटो भिंतीपर्यंत घरंगळलेले. पुन्हा मांडले, पुन्हा फोटो काढला, पुन्हा टेकाड चढलो. या वेळी मेसेजच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, "आधी मांजर बाहेर घाला." ते वाचून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी टेकाडावर गेलो तेव्हा तिनं फोन आईकडं दिला. आईचा आवाज बारीक झाला होता.

"सांगितलं हिनं मला. मला ठाऊकच हाय."

"कधीपास्नं?"

"तू हुबळीवरनं आलास तवापास्नं. म्हणं उंची कमी पडली. माझा थोरला दादा असाच हुता. रानात बोरं पिकली की आम्ही पोरी तोंडात टाकून मोकळ्या, ह्यो एकेक चाचपत बसायचा. तवा आम्ही हसायचो त्याला. तुझं टाळक्यात आलं न्हाई माझ्या, तू हुबळीवरनं येस्तवर."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलला न्हाईस. मग म्या कशाला?"

ते खरं होतं. हुबळीनंतर आईनं मला कधीच बुट्टी देऊन परड्यात पाठवलं नव्हतं. निवडणं तिनं स्वतःकडं घेतलं आणि पोचवणं मला दिलं. मला वाटायचं, म्हातारीला दुसऱ्याच्या हातचं पटत नाही.

"आता ऐक," ती म्हणाली. "फोटू काढून किती दिवस भागवणार? दादा हातानं वळखायचा, तूही वळख. आधी जात वळख, मग पिकलाय का ते."

आमच्या परड्यात चार जातींची झाडं होती. रोपं एकत्र वाढवलेली, काढतानाही सगळं एकत्र झालेलं. आईनं फोनवर सांगितलं आणि मी घरी येऊन हातानं वेगळे केले. गावठी चपटा असतो, अंगावर फाकांसारख्या घड्या, देठाकडं खोल खळगा. त्याची साल पातळ, तो एकदम मऊ पडतो, त्याला दोन दिवसांच्या वर ठेवायचा नाही. रामनगरच्या दुकानातल्या बियांचा टोमॅटो अंड्यासारखा लांबट, जाड सालीचा. पिकल्यावरही अंगठ्याखाली नुसता लवतो, दबत नाही. आचाऱ्याला हवा होता तो हाच. तिसरा बोराएवढा, घोसानं लागणारा, आपसूक उगवलेला. तो पिकला की घोस हलवताच देठापासून सुटतो. हे तिन्ही मला डोळे मिटूनही वेगळे करता यायला लागले.

पिकलाय का ते बघायला देठाजवळ दाबायचं नाही, तिथं सगळेच कडक असतात. बुडाला, जिथं फुलाची खूण असते तिथं अंगठा ठेवायचा. मग देठाच्या खळग्याशी नाक न्यायचं. कच्च्याला झाडाच्या पानांचा वास येतो, तो बोटांना लागतो आणि धुतला तरी जात नाही. पिकायला लागला की तो वास कमी होतो आणि आंबटगोड वास येतो. हे सांगायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मी निवडायचो, मग फोटो पाठवून बायकोकडनं तपासून घ्यायचो. दहात तीन-चार चुकायचे. शनिवारचा माल असाच दोघांनी मिळून निवडला. आचाऱ्यानं बुट्टी ओतली, हात फिरवला, चार काढून ठेवले आणि म्हणाला, "आई आली घरी?"

"न्हाई अजून. मीच निवडलेत."

"बरें," तो म्हणाला. कौतुक एवढंच.

अडचण चौथ्या जातीनं केली. ती कुठली हे आईलाही ठाऊक नव्हतं. लॉजच्या स्वयंपाकघरामागच्या उकिरड्यावर एक झाड उगवलेलं तिला दिसलं होतं. पानं बटाट्याच्या पानांसारखी रुंद होती म्हणून तिनं त्याचं एक पडलेलं फळ आणून बी धरलं. फळं मोठी, गोल, हाताला जड. ती पिंजरात तीन आठवडे होती. बायको रोज फोटो बघून कळवायची, "हे मोठे अजून कच्चेच हायत, हिरवेगार. हात लावू नका." माझा अंगठा मात्र सांगत होता की ते पिकलेत. वासही तसाच येत होता. दोन दिवस मी माझ्या हातावर विश्वास ठेवला नाही. तिला दिसतंय आणि मला दिसत नाही, मग चूक माझीच असणार, असा मी हिशेब केला. तिसऱ्या दिवशी त्यांतले पाच फुटून पिंजर ओलं झालं.

मी एक कापला. आत बिया गिरात पोहत होत्या. मीठ लावून तिथंच उभ्यानं खाल्ला. गोड होता, मागनं जरा आंबट. टेकाडावर जाऊन कापलेल्याचा फोटो पाठवला.

"आतनंबी हिरवा हाय की ओ," ती म्हणाली. "पोटात दुखंल तुमच्या."

"पिकलाय. मी खाल्ला. पिकून हिरवाच ऱ्हाणारी जात हाय ती."

"असं असतंय व्हय?"

"माझ्यासाठी सगळेच तसले," मी म्हणालो. ती पहिल्यांदा हसली.

राहिलेले मी आचाऱ्याला नेऊन दाखवले. त्यानं एक फोड तोंडात टाकली, मग दुसरी. "चव चांगली," तो म्हणाला. "पण ताटात ठेवलं तर लोक कच्चं म्हणून परत पाठवतात. लाल बघून खातात रे लोक." त्यानं चार स्वतःसाठी ठेवून घेतले, बाकीचे मी परत आणले. ते म्हशींना घातले नाहीत. आठवडाभर मी रोज भाताबरोबर खाल्ले.

फेब्रुवारीच्या शेवटी आई घरी आली. चालायला वॉकरची चौकट घेऊन, पाय हळूहळू उचलत. ती गप्प असायची. मला वाटलं दुखतंय म्हणून असेल. बायकोनं कारण सांगितलं. दवाखान्यातल्या एका डॉक्टरीण बाईंना तिनं माझ्याबद्दल विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या की हे बहुतेक आईकडूनच मुलात येतं, आईला स्वतःला काही होत नाही. हे आईच्या कानावर पडलं होतं. तेव्हापासून ती मनात घेऊन बसली होती.

एका दुपारी मी तिच्या खाटेपाशी बसलो असताना तीच म्हणाली, "माझ्याकडनंच आलं की रं तुला. आणि वरनं म्या धपाटं घातलं."

फार लागायचे नाहीत, असं म्हणालो. ते खरं नव्हतं, तिचा हात जड होता. ती म्हणाली, "खोटं बोलू नको," आणि तोंड भिंतीकडं केलं. पण संध्याकाळी तिनं आपणहून मधल्या खोलीत न्यायला सांगितलं. स्टुलावर बसून तिनं शेवटचा थर मला उलगडायला लावला आणि प्रत्येक फळ माझ्या हातात देऊन विचारलं, हे कुठलं, हे कसं हाय. मी सांगत गेलो. दोनदा चुकलो. चुकलो तेव्हा ती ते फळ पुन्हा माझ्या हातात द्यायची.

आता ती काठीवर चालते. परड्यात उतरत नाही. या वर्षी काढणी मी आणि बायकोनं केली, निवडणंही दोघं मिळून करतो. मी हातानं ढीग करतो, ती वरनं नजर टाकते. आमचं जुळत नाही तेव्हा एक कापून बघतो. चौथ्या जातीचं बी धरलं होतं, पण त्यातली काही झाडं वेगळीच निघाली. फळं लहान आणि बायको म्हणते त्याप्रमाणं पिवळसर. त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

बायकोला मात्र एक सवय लागली आहे. ती मला रंग सांगते. मोटरसायकलवर मागं बसली की कानाशी चालू असतं: पुढची बस लाल हाय, शेतं अजून हिरवी हायत, त्या बाईचं लुगडं बघा, मोरपंखी हाय. मोरपंखी म्हणजे काय ते मला आजही कळत नाही. बसचं तर मला सांगायची गरजही नाही, तिचा रंग मला पाठ आहे. मी व्हय व्हय म्हणतो आणि गाडी हळू चालवतो.